खनोम बुआंगच्या मागावर : बँकॉक ते फेचबुरी

गुरुवार : बँकॉक, साओ चिंग चा

खनोम बुआंग बँकॉकमध्ये कुठेही मिळतं. बोटीच्या धक्क्यावर, देवळाबाहेर, रात्रबाजारात, मॉलच्या तळमजल्यावर. तळहातात मावेल एवढी पातळ, कुरकुरीत चकती. तिच्यावर पांढऱ्याशुभ्र क्रीमचा थर. त्यावर एक तर सोनेरी गोड सुतं, नाहीतर केशरी रंगाचं खारट-गोड सारण, आणि मग मधोमध घडी. फोटोत सगळ्यांनी पाहिलेलं असतं. मला मात्र ते कुठून आलं हे पाहायचं होतं, म्हणून आईला घेऊन पहिली खेप थेट जुन्या गावात केली.

साओ चिंग चा म्हणजे लाल रंगाचा सागवानी झोपाळा, जवळजवळ २७ मीटर उंच. आता नुसती चौकट उभी आहे, झोके १९३५ साली थांबले. पलीकडेच १७८४ साली बांधलेलं देवस्थान आहे: आवारात तीन गाभारे, शंकराचा, गणपतीचा आणि विष्णूचा. इथले राजपुरोहित ब्राह्मण आपली परंपरा दक्षिण भारतातून आल्याचं सांगतात. त्यांच्या हिवाळी उत्सवाचं 'त्रियम्पवाय' हे नाव तमिळ 'तिरुवेम्पावै'वरून आलं आहे. आईने गणपतीपुढे हात जोडले, फुलवालीकडून झेंडूची माळ घेतली आणि तिचा दिवस तिथेच सार्थकी लागला.

खनोम बुआंग ब्राह्मणांबरोबर भारतातून आलं असं थाई लोक पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत. मला ही गोष्ट आवडते, पण ती मी हलक्या हातानेच धरते. तांदूळ आणि मूग दळायचे, पीठ भिजवायचं, तापल्या खापरीवर पसरायचं, ही युक्ती बंगालच्या उपसागराच्या दोन्ही काठांवर कुणालाही सुचण्यासारखी आहे. जे पक्कं आहे ते वेगळंच आणि जास्त रंजक आहे. अयुथया ही जुनी राजधानी पडल्यानंतर तिची जी वर्णनं लिहिली गेली, त्यांत कुंभारवाड्यात खनोम बुआंगच्या खापऱ्या आणि खनोम क्रोकचे साचे घडवत असल्याची नोंद आहे. म्हणजे अडीचशेहून जास्त वर्षांपूर्वी हा पदार्थ इतका रोजचा होता की त्याची भांडी बाजारात वेगळी मिळत.

देवस्थानापासून चालत थोड्याच अंतरावर फ्रेंग नारा नावाची गल्ली आहे. तिथे जुन्या पद्धतीचं खनोम बुआंग मिळतं. गाड्यावरचं असतं त्याहून मोठं, पसरट. करणाऱ्या बाईंना सगळे 'पा' म्हणून हाक मारत होते. आईच्या वयाच्या बाईला इथे असंच म्हणतात, म्हणून आम्हीही पा म्हटलं.

मी पाच-दहा मिनिटं नुसती बघत उभी राहिले. तवा सपाट, लोखंडी, खाली मंद आच. पीठ पळीवाढं: तांदळाचं पीठ, मुगाचं पीठ, थोडं अंडं, ताडगूळ आणि चुन्याची निवळी. चकती कुरकुरीत होते ती या निवळीमुळे. आपल्याकडेही काही जुन्या घरांत मुरांब्याच्या फोडी टणक राहाव्यात म्हणून निवळीत घालतात, तीच ही निवळी. पीठ तव्यावर सोडलं की पा हातातलं चपटं पसरवणं एकदाच गोल फिरवायच्या. पूर्वी हे नारळाच्या करवंटीचं करत, मूठ लावून. दुसरी फेरी नाही, दाब नाही. दुसऱ्यांदा फिरवलं तर पीठ गोळा होतं आणि चकतीत जाड-पातळ जागा राहतात. कडा सुटायला लागल्या की क्रीम, मग सारण, मग पातळ पात्याने खालून सोडवून घडी. घडी घालायची वेळ चुकवून चालत नाही. क्षणभर उशीर झाला तर चकती मोडते, घाई केली तर मऊ राहते.

पातळ-जाडाचा हा हिशेब थाई लोकांना किती महत्त्वाचा वाटतो ते त्यांच्या 'खुन चांग खुन फेन' या जुन्या काव्यकथेत दिसतं. एकाच नवऱ्याच्या दोन बायका, श्रीमाला आणि सोय फा, खनोम बुआंग करायला बसतात. श्रीमालाच्या चकत्या पातळ आणि नीटस उतरतात, चियांग मायहून आलेल्या सोय फाच्या जाड होतात. तिची थट्टा होते आणि घरात भांडण पेटतं. सुगरणपणाची परीक्षा म्हणून कवीने हाच पदार्थ घेतला, याचं पांच्या हाताकडे बघताना नवल वाटलं नाही.

केशरी सारण मी आधी खाल्लं. खोवलेला नारळ, कुटलेली कोळंबी, कोथिंबिरीची मुळं, पांढरे मिरे, वरून मकृत लिंबाच्या पानांची बारीक चीर. जुनी चव हीच, असं माझं मत झालं. राजा चुलालोंगकोर्न यांनी १८८८ साली राजवाड्यातल्या बारा महिन्यांच्या विधींवर लिहिलं, त्यात हिवाळ्यात भिक्षूंना खनोम बुआंगचं जेवण देण्याचा विधी आहे. वेळ हिवाळ्याची, कारण तेव्हा कोळंबी चरबीने भरलेली असते. रस्त्यावरचा खाऊ राजवाड्यात चढला की राजवाड्यातला खाऊ रस्त्यावर उतरला, हे ठरवत बसण्यात मला अर्थ वाटत नाही. दोन्ही जागी ते होतं.

आई अंडं-मासे खात नाही, तेव्हा खनोम बुआंग तिच्यासाठी बादच. पीठात अंडं, क्रीम अंड्याच्या पांढऱ्याचं. शाकाहारी मंडळींनी हे आधीच ध्यानात घ्यावं, 'नुसतं नारळाचं द्या' म्हणून भागत नाही. तिच्यासाठी कोपऱ्यावर खनोम क्रोक मिळालं. बिडाच्या तव्यात गोल खळगे, खाली तांदळाचं किंचित खारं पीठ, वर नारळाचं दाट गोड दूध, मध्ये कुठे मक्याचे दाणे, कुठे कांद्याची पात. ते बघताच आई म्हणाली, "अगं, हे तर आपलं आप्पेपात्र!" आणि दोन वाट्या संपवल्या.

शुक्रवार : अयुथया

साध्या गाडीने अयुथयाला दोन तास लागले. खिडक्या उघड्या, डब्यात फेरीवाले, दोन्ही बाजूंना भाताची शेतं. १३५१ ते १७६७ ही सयामची, म्हणजे जुन्या थायलंडची राजधानी, तीन नद्यांच्या विळख्यातलं बेट. १७६७ च्या एप्रिलमध्ये ब्रह्मी सैन्याने ती जाळली. झाडाच्या मुळांत अडकलेलं बुद्धाचं शिर, विटांचे मनोरे, हे सगळं पाहिलं. त्याबद्दल भरपूर लिहिलं गेलंय. आम्हाला बेटाच्या दक्षिणेला नदीकाठी जायचं होतं, म्हणून टुकटुक ठरवली.

तिथे बान पोर्तुकेत म्हणजे पोर्तुगिजांचं गाव होतं. आल्बुकर्कने १५१० साली गोवा घेतला, १५११ साली मलाक्का, आणि त्याच वर्षी दुआर्ते फर्नांडिस या दूताला अयुथयाच्या दरबारी पाठवलं. १५१६ साली करार झाला आणि पोर्तुगीज इथे राहायला लागले. 'पोर्तुगीज' म्हणताना डोळ्यांसमोर लिस्बनचे गोरे लोक आणू नयेत. बहुतेक जण गोव्यात, मलाक्कात, मकाऊत जन्मलेले, आशियाई आयांची मुलं. पूर्वेकडचा सगळा पोर्तुगीज कारभार गोव्याहून चाले.

आता तिथे एका चर्चचा पाया उरलाय. १९८४ साली इथे उत्खनन सुरू झालं आणि दोनशेहून जास्त सांगाडे मिळाले. त्यांतले काही जागेवरच, वर छप्पर घालून जपलेत. आई पायरीवरच थांबली. मी आत गेले. सांगाडे ओळीने निजलेले, वरती पंखा फिरत होता. खिडकीतून नदीवरची वाळूची गलबतं दिसत होती. याच वस्तीत कुणाच्या तरी चुलीवर पहिल्यांदा साखरेच्या पाकात अंड्याचं पिवळं सोडलं गेलं असणार, हे मला तिथे उभं राहून पटलं.

नदीपलीकडे जपानी गाव. तिथल्या छोट्या संग्रहालयात एक दालन मारिया गुयोमार द पिन्हा या बाईंना वाहिलेलं आहे. थायलंडमध्ये त्या 'थाओ थोंग कीप मा' या दरबारी पदवीने ओळखल्या जातात. साधारण १६६४ साली त्या अयुथयात जन्मल्या. आई उर्सुला यामादा, धर्मछळामुळे जपान सोडून आलेल्या ख्रिस्ती घराण्यातली. वडील फानिक गुयोमार गोव्याचे, पोर्तुगीज, बंगाली आणि जपानी रक्ताचे. फॉय थोंग म्हणजे अंड्याची सोनेरी सुतं, थोंग यिप, थोंग योत, हे सगळे पिवळेधमक गोड पदार्थ त्यांनी सयामला दिले असं थाई मुलं शाळेपासून ऐकतात. २०१८ मध्ये एका गाजलेल्या मालिकेत त्या पात्र म्हणून आल्या आणि तेव्हापासून पारंपरिक पोशाख भाड्याने घेऊन अयुथयात फिरणाऱ्यांची रीघ लागली आहे. त्या दिवशीही दालनात दोन शाळकरी मुली रेशमी सबाय नेसून फोटो काढत होत्या.

एकट्या मारियाबाईंनी हे सगळं आणलं, हे मला खरं वाटत नाही. त्या जन्मायच्या आधी दीडशे वर्षं पोर्तुगीज वस्ती इथे नांदत होती. सणासुदीला, लग्नाला, नाताळला त्या घरांतून अंड्याचे गोड पदार्थ नक्कीच होत असणार. पण वस्तीतल्या बायकांचं हे कसब राजवाड्याच्या मुदपाकखान्यात कसं गेलं, याचं उत्तर मात्र मारियाबाईंच्या आयुष्यातच आहे. त्यासाठी दुसऱ्या दिवशी लोपबुरी.

संध्याकाळी रोती साय माय खाल्लं. पातळ रोटीत साखरेचे रेशमी तंतू गुंडाळून देतात, इथल्या मुसलमान वस्तीची खासियत. आईलाही चाललं. सोबत घेतलेली पुडी रात्रीपर्यंत उरली नाही.

शनिवार : लोपबुरी

अयुथयाहून तासाभरात लोपबुरी. माकडांसाठी प्रसिद्ध गाव, पण आम्ही माकडांना लांबून नमस्कार केला. राजा नाराय यांनी १६६६ साली इथे राजवाडा बांधायला घेतला आणि पुढे वर्षातले कितीतरी महिने ते इथेच राहत. राजवाड्याच्या भिंतींत दिवे ठेवायचे शेकडो कोनाडे आहेत, ते अजून शाबूत आहेत.

जवळच विचायेनचा वाडा. विचायेन ही कॉन्स्टंटाइन फॉल्कनची दरबारी पदवी. हा ग्रीक माणूस, केफालोनिया बेटावरचा. इंग्रजी जहाजांवर नोकरी करत सयामला आला आणि राजा नाराय यांचा सर्वांत जवळचा मंत्री झाला. १६८२ साली त्याने मारियाबाईंशी लग्न केलं. १६८५ मध्ये फ्रेंच राजदूत आले ते याच आवारात उतरले. आता छप्पर नाही, पण भिंती, जिने, खिडक्यांच्या युरोपी चौकटी, देवघराची जागा हे सगळं दिसतं. मी स्वयंपाकघर कुठे असेल ते शोधत फिरले. मागच्या बाजूला विटांचे चौथरे आहेत. पाटीवर काय लिहिलंय हे न बघता मी तिथे बराच वेळ बसले.

१६८८ साली राजा आजारी पडले. सेनापती फेत्राचाने सत्ता घेतली आणि ५ जूनला फॉल्कनला मारलं. मारियाबाई तेव्हा पंचविशीच्या आतल्या. घर गेलं, पैसा गेला, नवरा गेला. त्यांना राजवाड्यात गुलाम म्हणून ठेवलं आणि स्वयंपाकघरात कामाला लावलं. तिथून पुढे त्या चढत गेल्या. १७१९ साली सयामला आलेला कॅप्टन अलेक्झांडर हॅमिल्टन लिहितो की फॉल्कनची विधवा दरबारात आणि शहरात मानाने राहते आणि राजाच्या मिठाईखान्याची देखरेख तिच्याकडे आहे. १७२८ साली त्या वारल्या.

गोष्टीत याला 'गोड शेवट' म्हणायची पद्धत पडली आहे. मला ते खटकतं. ज्या राजवटीने नवऱ्याला मारलं तिच्याच चुलीशी ही बाई चाळीस वर्षं उभी राहिली. थोंग म्हणजे सोनं. थाई लग्नांत, वास्तुशांतीत हे पदार्थ शुभ म्हणून लागतातच, आणि फॉय थोंगची सुतं तर तोडायचीही नसतात, नवरा-बायकोचं आयुष्य लांब राहावं म्हणून. तिचा संसार सहा वर्षांत उखडला गेला होता.

आई परतीच्या गाडीत म्हणाली, "वडील गोव्याचे म्हणजे आपल्याकडचीच की गं पोर." मी काही बोलले नाही, पण मलाही तसंच वाटत होतं.

रविवार : थोनबुरी, कुडी चीन

अयुथया जळल्यावर तिथले पोर्तुगीज वंशज पांगले. राजा ताक्सिन यांनी त्यांना १७६९ साली थोनबुरीला नदीकाठी जागा दिली. तीच ही कुडी चीन वस्ती. फुलबाजाराच्या बाजूने होडीने नदी ओलांडली आणि समोर सांता क्रूझ चर्चचा गुलाबी-पिवळा घुमट दिसला. आत्ताची इमारत १९१६ ची. प्रार्थना सुटली होती, आवारात म्हाताऱ्या बायका थाईत गप्पा मारत होत्या, गळ्यात क्रूस, हातात विणलेल्या पिशव्या.

मागच्या बोळांत दोन माणसं शेजारून जेमतेम जातील एवढीच जागा. वास आला की समजायचं. इथे काही घरांत अजून खनोम फरांग कुडी चीन भाजतात: बदकाची अंडी, साखर, मैदा, बाकी फुगवणारं काहीच नाही. अंडी आणि साखर इतकी फेटायची की तीच हवा धरून ठेवतात. साचे निखाऱ्यांवर, झाकणावरही निखारे. वर बेदाणे, सुकवलेल्या पर्सिमनचे तुकडे आणि कोहळ्याचा पेठा. केक पोर्तुगीज, पेठा शेजारच्या चिनी वस्तीतला. बाहेरून कडक, आतून भुसभुशीत. चहाशिवाय खाऊ नये.

पेठा आणि पर्सिमन मी गुरुवारीही पाहिले होते, फ्रेंग नाराच्या गोड खनोम बुआंगमध्ये, फॉय थोंगच्या बाजूला. रविवारी ते दुसऱ्यांदा समोर आले तेव्हा तो पदार्थ मला उलगडला. चकती इथल्या तांदळा-मुगाची. सुतं पोर्तुगीज घरांतली, गोव्याच्या वाटेने आलेली. सुका मेवा चिन्यांचा. गाडीवरून विकत घेणाऱ्या माणसाला यातलं काही माहीत असायची गरज नसते, आणि तरीही ते सगळं त्या घडीत असतं.

गोव्याच्या वाटेबद्दल थोडं. जुन्या गोव्यात सांता मोनिका हा ख्रिस्ती जोगिणींचा मठ १६०६ साली सुरू झाला. बेबिंका तिथल्याच एका जोगिणीने केली अशी गोव्यात आख्यायिका आहे. पोर्तुगालच्या मठांत अंड्याचं पांढरं कपड्यांना खळ द्यायला वापरत आणि उरलेल्या पिवळ्याच्या मिठाया करत, असं सांगतात. बेबिंकातही पिवळंच, आणि पोर्तुगालच्या बदामाऐवजी नारळाचं दूध. सयामच्या सांखया आणि मो केंग या अंड्याच्या गोड पदार्थांत हीच अदलाबदल दिसते. नारळाच्या किनाऱ्यावर पोचलेल्या कितीतरी पोर्तुगीज मिठाया नारळाच्या झाल्या.

सोमवार : फेचबुरी

बँकॉकहून दक्षिणेला तीन तास. स्टेशन यायच्या आधीच शेतांच्या बांधावर ताडाची झाडं दिसायला लागतात. इथला ताडगूळ देशभर नावाजलेला, त्यामुळे मिठाईचं गाव. मो केंगच्या ट्रे दुकानोदुकानी रचलेल्या: अंडी, नारळाचं दूध, ताडगूळ, मूग, आणि वर तळलेला कांदा. गोडावर कांदा ऐकायला विचित्र वाटतं, खाल्ल्यावर नाही.

एका दुकानामागे फॉय थोंग करताना पाहायला मिळालं. बदकाची आणि कोंबडीची अंडी, फक्त पिवळं, तलम कापडातून दोनदा गाळलेलं. कवचाला चिकटून राहतं ते पातळ पाणचट पांढरं त्यात मिसळतात, नाहीतर सूत तुटतं. पितळी कढईत पाक, कडेला खळखळता, मधे शांत. बारीक भोकाचा शंकू हातात धरून बाई कढईवर गोल गोल फिरवतात. पूर्वी हा शंकू केळीच्या पानाचा असे. पंचवीस-तीस वेढे झाले की थांबायचं, सुतं पाकात जरा शिजू द्यायची, मग टोकदार काडीने एका बाजूने ओढून पाकातच हेलकावत सरळ करायची आणि घडी घालून चाळणीवर काढायची. पाक दाट झाला की पाणी शिंपडायचं. हे सगळं त्या न बोलता, न मोजता करत होत्या. हात पोळत कसा नाही, असं आईने खुणेने विचारलं. त्यांनी तळवा दाखवला: बोटांची टोकं गुळगुळीत झाली होती.

पलीकडे पातेलंभर पांढरं बाजूला ठेवलं होतं. त्याचं काय करता, म्हणून विचारलं तर दुकानातल्या मुलाने भाषांतराच्या ॲपवर लिहून दाखवलं, की खनोम बुआंगवाले नेतात. क्रीम पांढऱ्याचंच असतं ना. चकतीवरचा पांढरा थर आणि त्यावरची सोनेरी सुतं एकाच अंड्यातून निघू शकतात, हे मला तोवर लक्षातच आलं नव्हतं.

मलबारच्या मुसलमान घरांत हीच सुतं 'मुट्टमाला' म्हणून करतात, अंड्याची माळ. आणि उरलेलं पांढरं वाफवून 'पिंजानत्तप्पम' करतात, दोन्ही एकाच ताटात वाढतात. जपानात फुकुओकाला 'केइरान सोमेन' आहे. पोर्तुगिजांची जहाजं थांबली त्या कितीतरी ठिकाणी ही सुतं ओढली गेली. लोपबुरीला वाटलं होतं की एका बाईची गोष्ट ऐकतेय. फेचबुरीला वाटलं की अशा कितीतरी बायका असणार, ज्यांची पदवी कुणी लिहून ठेवली नाही. थलश्शेरीला एका मैत्रिणीचं माहेर आहे. तिला तिथूनच फोन केला. ती म्हणाली, "रमजानमध्ये ये, अम्मी घरीच करते." तारखा ठरवल्या आहेत. आईही येणार आहे, तिच्यासाठी उन्नक्काय, म्हणजे सारण भरून तळलेलं केळं, आहेच. फक्त सारणात अंडं घालू नका, असं आधी सांगून ठेवायचं.